न होणाऱ्या गोष्टींचा धडा

डब्यातून दुसऱ्याची चिठ्ठी उचलायची आणि मोठ्यानं वाचायची, हे बाईंनी आधी सांगितलं असतं तर दातवाल्यांनी ते वाक्य लिहिलंच नसतं. त्यांना वाटलं, नेहमीसारख्या बाई चिठ्ठ्या घरी नेतील, लाल पेनानं दुरुस्त करतील आणि पुढच्या मंगळवारी ज्याच्या त्याच्या हातात देतील. बाईंना काय, क्रियापदाचं शेपूट बरोबर आहे की नाही एवढंच बघायचं असतं. कोण कशासाठी झुरतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पण बाईंनी बिस्किटांचा रिकामा डबा खडखड हलवला, बाकाबाकांवरून फिरवला, आणि आठ जणांच्या त्या स्पॅनिशच्या वर्गात दातवाल्यांची चिठ्ठी नेमकी दातवाल्यांच्या बायकोच्या हाती लागली. तिनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, चिठ्ठी दिव्याकडे धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "ओहाला मि इहो नो बोल्बिएरा." बाई म्हणाल्या, उच्चार सुरेख, आता अर्थ सांगा. बायको अर्थ लावायला लागली. ओहाला म्हणजे किती बरं होतं. मि इहो म्हणजे माझा मुलगा. मग ती अडखळली. "माझा मुलगा परत न येता, तर किती बरं होतं," ती म्हणाली, आणि मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून तिनं चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

धडाच तसा होता त्या संध्याकाळचा. बाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले होते. डावीकडे, ज्या इच्छा पुऱ्या होऊ शकतात त्या: उद्या ऊन पडो, बस वेळेवर येवो. उजवीकडे, ज्या होणार नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, पण मन ऐकत नाही त्या. स्पॅनिशमध्ये या उजवीकडच्या इच्छांना वेगळं रूप आहे, बाई म्हणाल्या. बोलणाऱ्यानं तोंड उघडलं की ऐकणाऱ्याला कळतं, बिचाऱ्याला आशा नाही. आता प्रत्येकानं एक न होणारी इच्छा लिहा. कुणी लिहिलं, मला पंख असते तर. बायकोनं लिहिलं, माझ्या वडिलांनी माझी नात पाहिली असती तर. दातवाल्यांनी पेनाचं टोपण चावलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हातानं आपणहून लिहावं तसं ते वाक्य लिहून टाकलं. परक्या भाषेत पाप केलं तर ते आपल्या खाती लागत नाही, असं काहीसं त्यांना त्या क्षणी वाटलं असावं. शिवाय ते परके शब्द लिहिताना सगळ्यांचंच अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, वाकडं आणि सुटं सुटं. कुणाचं कुठलं हे ओळखायची सोय नाही.

आता लेखक कोण ते वर्गानं ओळखायचं, असा खेळ होता. प्रवासी कंपनीत तिकिटं काढणारा एक जण वर्गात होता, चाळिशीचा, बिनलग्नाचा, सगळ्यांची टर उडवणारा. सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. याला मुलगाच नाही, तर तो परत कुठून येणार, ही याचीच वात्रट अक्कल. तिकीटवाला शपथा घेत होता की मी नाही लिहिलं, आणि तो शपथा घेतोय म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली. हशा झाला. बायकोही हसली, पण हसता हसता म्हणाली, "काही का असेना, असं लिहू नये हो. कुणाला लागतं." बाईंना मात्र त्या वाक्याचं कोण कौतुक! एकही चूक नाही, रूप अगदी बरोबर, म्हणून त्यांनी ते फळ्यावर उजव्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं. आठ जणांनी एका सुरात म्हटलं. दातवाल्यांनीही म्हटलं, शेजारी बायको म्हणत होती त्याच चालीवर. तिसऱ्या वेळेला त्यांचे ओठ नुसते हलले.

दातवाले हे त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेलं नाव. अडतीस वर्षं ते दात बनवत होते. डॉक्टर नव्हेत, डॉक्टर लोक तोंडात हात घालतात, ठसा घेतात आणि पाठवून देतात, आणि मग एका लांबोळ्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, दातवाले त्या ठशात प्लास्टर ओततात, मेण लावतात, कोरतात, भाजतात, रंगवतात. ज्याच्यासाठी दात केला तो माणूस त्यांना कधी दिसत नसे. पण नुसता ठसा बघून ते सांगत, हा झोपेत दात खातो, हिला नखं कुरतडायची सवय आहे, हा एकाच बाजूनं चावतो म्हणजे दुसरी बाजू दुखत असणार. सोळा छटांच्या दातांची एक पट्टी त्यांच्या टेबलावर असे. ती न बघताही ते नुसत्या नजरेनं छटा सांगत. लोक माणसाचे डोळे बघतात, हे दात बघत. त्याला काही इलाज नव्हता. बायको चिडवायची, की मला बघायला आलात तेव्हाही तुम्ही माझे दातच मोजत होतात. ते खरंही होतं.

आणि स्पॅनिशचं खूळ बायकोचं. मुलगा नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेला, तिथं त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली. आता तिकडची नोकरी सुटली होती, इथं दुसरी मिळाली होती, आणि मुलगा, सून आणि नात असं तिघांचं कुटुंब येत्या महिन्याच्या वीस तारखेला यांच्याच घरी राहायला येणार होतं. निदान वर्षभर. सून आणि नात स्पॅनिशशिवाय काही बोलत नाहीत. मग आजीनं काय नुसत्या माना डोलवायच्या का, असं म्हणून बायकोनं दोघांची नावं वर्गात घातली. ते नको म्हणाले नाहीत. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण त्यांनी नऊ वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

वर्ग सुटल्यावर दोघं पायीच निघाले. बायकोची पाठांतराची रीत अशी, की आज शिकलेलं वाक्य रस्ताभर पुटपुटत यायचं, त्यात एखादा शब्द बदलायचा, नवं वाक्य करायचं. त्या दिवशी तिला तेच वाक्य सापडलं. दिव्याच्या खांबाखालून जाताना ती म्हणाली, हे 'नो' काढून टाकूया मेलं. आणि तिनं म्हटलं, ओहाला मि इहो बोल्बिएरा मान्याना. माझा मुलगा उद्याच येता तर. "बरोबर आहे ना हो? वीस तारखेला येणार म्हणजे उद्या येणं शक्य नाही, म्हणजे उजवा चौकोन." ते म्हणाले, बरोबर आहे. औषधांच्या दुकानापाशी तिनं ते पुन्हा म्हटलं, जिन्यावर म्हटलं, कुलूप उघडताना म्हटलं. पुढचे तीन-चार दिवस ते वाक्य घरात नांदलं. भांडी विसळताना, पडदे मापताना, अडगळीच्या खोलीतली खोकी उपसताना. दर वेळी दातवाल्यांना त्यातलं गळालेलं 'नो' ऐकू यायचं, आणि ते दुसऱ्या खोलीत जायचे. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, एका अक्षरानं केवढा फरक पडतो. बाईंना काय जातंय म्हणायला.

ते घडलं त्या दिवशी बायको बहिणीकडे गेली होती, चार दिवसांसाठी. नऊ वर्षं होऊन गेली तरी दातवाल्यांना तो दिवस आठवावा लागत नसे; तो जिथं होता तिथंच असे. मुलगा चोवीस वर्षांचा. तिसरी नोकरी सोडून घरी बसलेला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एक वाक्य म्हटलं होतं, तसं काही फार जहाल नव्हे, हजार बाप रोज म्हणतात तसलंच, की कष्टाचं नाव काढलं की तुझ्या पोटात गोळा येतो. मुलगा ओरडला नाही, काही नाही. त्यानं हातातली किल्ली खाली ठेवली नाही, एवढंच. मूठ किल्लीसकट तोंडावर आली. कट्ट्याची कड पाठीला लागली, तोंडात खारट चव आली आणि जिभेला वरचा पुढचा उजवा दात तिरका, धारदार लागला. आणि त्यांनी काय करावं? ते खाली बसून तुकडा शोधायला लागले. धंद्याची सवय. तुकडा मिळाला तर छटा मिळते, आकार मिळतो, अर्धं काम होतं. मग मुलगाही खाली बसला. बाप आणि लेक दोघंही गुडघ्यांवर, फरशीवर हात फिरवत, गॅसच्या सिलिंडरमागे वाकून बघत. मुलालाच सापडला. त्यानं तो पुसून, तळहातावर ठेवून पुढे केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आईला सांगू नका." आणि हे म्हणाले, "नाही सांगत."

शब्द पाळला म्हणून त्यांना पुढे पुढे थोडा अभिमानही वाटायचा, हे कबूल करायला हवं. ओळखीच्या डॉक्टरला गाठलं, दाताच्या मुळात खिळा बसवून घेतला, आणि दोन दिवस, दोन रात्री खपून स्वतःच स्वतःच्या दाताची कॅप केली. तसला दात त्यांनी आधी केला नव्हता आणि नंतरही जमला नाही. मूळ दातावर उभी एक केसाएवढी चीर होती, ती हुबेहूब उतरवली. खालच्या कडेशी लहानपणच्या तापानं राहिलेला पांढुरका ठिपका होता, तो घातला. कडा चहानं जशी पिवळसर झाली होती तशीच केली. बायको चौथ्या दिवशी आली तेव्हा ओठ सुजलेला होता. त्यासाठी त्यांनी लॅबच्या जिन्याची गोष्ट सांगितली. पायरी ओली होती. कुणी पुसली होती, कुठल्या फडक्यानं पुसली होती, मी हातात काय धरलं होतं, मागून कोण येत होतं, सगळं सांगितलं. तिनं हळद लावली, लॅबवाल्यांना नावं ठेवली, आणि दाताकडे तिचं लक्षही गेलं नाही. इतका तो दात चांगला झाला होता. सहा महिन्यांनी मुलगा परदेशी गेला. विमानतळावर पाया पडताना त्यानं त्यांचे पाय जरा जास्त वेळ धरून ठेवले. बायको म्हणाली, बघा कसा हळवा आहे. दातवाल्यांना तेव्हा हायसं वाटलं होतं, आणि आता कधीच येऊ नकोस असंही वाटलं होतं, दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत.

आता तो येणार होता. त्यांना रात्री नव्हे, भर दुपारी काम करताना भीती वाटायची, आणि त्या भीतीची लाज वाटायची. साठी उलटलेल्या माणसानं पोटच्या पोराला भ्यावं? त्यांनी एका सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी कडी आणली आणि आपल्या झोपायच्या खोलीच्या दाराला आतून बसवली. बायकोनं विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, दार वाऱ्यानं आपटतं. ती म्हणाली, इतकी वर्षं नाही आपटलं ते. मग तिला खोकी उतरवायला मदत हवी होती, म्हणून विषय तिथंच राहिला.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. नातीनं आपली बाहुली दाखवली, बायकोनं पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली, सून टाळ्या वाजवून हसली. सून गोरटेली, बारीक, हसली की सगळे दात दाखवणारी. लग्नाच्या व्हिडिओत दातवाल्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं ते तिचा वरचा डावा सुळ्याशेजारचा दात, जरा आत वळलेला, शेजाऱ्याच्या खांद्याआडून डोकावल्यासारखा. त्यांना तो दात आवडला होता. तसला दात घडवता येत नाही, तो असावा लागतो. आणि आज ती हसली, तर तो दात सरळ होता. सरळ, आणि खडूसारखा पांढरा, आणि हिरडीपाशी त्याला करड्या रंगाची बारीक रेघ. आजूबाजूच्या दातांपेक्षा निदान दोन छटांनी उजळ. कुणीतरी घाईत केलेली कॅप. दातवाले फोनच्या इतके जवळ गेले की बायको म्हणाली, अहो, तुमचंच नाक दिसतंय तिला.

त्यांनी विचारलं. नीट जुळवून, शिकलेल्या शब्दांत, तुझ्या दाताला काय झालं. सुनेचा हात आधी ओठांवर गेला, मग ती हसली आणि भराभर सांगू लागली. दातवाल्यांना वाटलं होतं आपल्याला निम्मं कळेल. पण बाईंची शिकवणी कामी आली, जवळजवळ सगळं कळलं. मुलगी पलंगावर उड्या मारत होती, गुरुवार होता, माझ्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये दोन कप होते, मी वाकले आणि मुलीचं डोकं लागलं, डॉक्टर बेकरीच्या शेजारीच आहे, म्हणून लगेच झालं. चौकटीबाहेरून मुलाचा आवाज आला, तोच मऊ आवाज: "बाबा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा दात? सोडा की तिला." सगळे हसले. सूनही हसली, तोंड मिटून. दातवाले मागे सरकून खुर्चीत बसले. ट्रेमध्ये दोन कप होते. ते कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. त्यांनाही कुठं कुणी विचारलं होतं, जिना कुठल्या फडक्यानं पुसला होता ते.

सोमवार, मंगळवार, बुधवार ते कामावर गेले आणि त्यांनी काम बिघडवलं. एका कवळीत दात उलटसुलट बसवले, आयुष्यात पहिल्यांदा. मालक म्हणाला, तब्येत बरी नाही का? हो, जरा, असं म्हणून त्यांनी मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली, आणि हात चालू झाला की डोकं पुन्हा तिथंच. लहान पोराचं डोकं लागून दात तुटतो का? तुटतो. डॉक्टरांकडे अशा केसेस येतात, त्यांनी स्वतः अशा कॅपा केल्या आहेत. मग झालं तर. ओहाला ते पोरीचं डोकंच असतं. त्यांनी ती इच्छा मनातल्या मनात डाव्या चौकोनात टाकून पाहिली, मग उजव्या, कुठंच बसेना. आणि मग प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत असताना त्यांना एकदम उमगलं, की फळ्यावरच्या, आठ जणांनी तीनदा म्हटलेल्या त्या वाक्याचा अर्थ काय होतो. मुलगा परत न येता, तर. म्हणजे तो तिकडेच राहता. म्हणजे सून तिकडेच, त्याच्यासोबत, एका घरात, राहती. जे व्हायचं ते तिकडे होवो, माझ्या दाराला कडी असो, मला दिसू नये. असली इच्छा केली होती त्यांनी, आणि वर त्यांना वाटत होतं की आपण भित्रे आहोत, एवढंच. भित्रेपणा परवडला. त्यांनी प्लास्टरला बोट लावून पाहिलं. ते केव्हाच घट्ट झालं होतं.

मंगळवारच्या वर्गाला ते पोट दुखतंय सांगून गेले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको अडगळीच्या खोलीत उभी होती. खोली आता अडगळीची राहिली नव्हती. भिंती फिक्या पिवळ्या झाल्या होत्या, खिडकी धुतली होती, आणि ती हातात मोजपट्टी घेऊन, पलंग या भिंतीला लावायचा की त्या, असं स्वतःशी बोलत होती. नातीची खाट छोटी, ती खिडकीखाली. म्हणजे पहाटे ऊन तोंडावर येणार तिच्या, मग पडदा जाड हवा. "धरा हे टोक," ती म्हणाली. दातवाल्यांनी टोक धरलं. ती भिंतीकडे सरकत गेली, मोजपट्टी ताणली गेली, आणि तिची पाठ आपल्याकडे आहे तोवर सांगून टाकावं, असं वाटून त्यांनी सांगितलं. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. किल्ली हातात होती त्याच्या, मूठ तोंडावर आली, दात तुटला. मी जिन्यावरून पडलो नव्हतो.

ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं विचारलं, कुठला दात? त्यांनी ओठ वर केला. ती जवळ आली, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिली. पस्तीस वर्षं समोर जेवायला बसलेल्या माणसाच्या तोंडात तिला तो ओळखता येईना. शेवटी त्यांनीच तिचं बोट धरून त्या दातावर ठेवलं. थंड होतं बोट. "हा?" ती म्हणाली. "हा," ते म्हणाले. मग त्यांनी सुनेच्या दाताचं सांगितलं, ट्रेचं, दोन कपांचं. ती खाली नव्या लादीवर बसली, मोजपट्टी अजून हातात.

"पोरीचं डोकं लागलं असेल खरंच."

"असेल."

"बदललाय तो. मुलगी झाल्यापासून किती बदललाय. तुम्ही बोलतच नाही त्याच्याशी, तुम्हाला कसं कळणार."

"असेल," ते पुन्हा म्हणाले. त्यांना खरोखरच तसं असायला हवं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. बायको मोजपट्टी गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. त्याच्या लहानपणी एकदा शाळेतून बोलावणं आलं होतं, ती म्हणाली. त्यानं बाकावरच्या मुलाची बोटं डेस्कच्या झाकणात धरली होती. मी त्या मुलाच्या आईला खाऊ नेऊन दिला आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं, वह्या आणायला बोलावलं होतं. हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल सांगतेय. दातवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. आणि मग ती एकदम त्यांच्याकडे बघून बोलली, आणि आता आवाज तिचा स्वतःचा होता.

"कुणी सांगितलं होतं गप्प बसायला?"

"त्यानं."

"आणि तुम्ही ऐकलंत. नऊ वर्षं." ती थांबली. "लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं मला फोनवर विचारलं होतं, मुलगा कसा आहे. दुभाषा मध्ये घेऊन विचारलं होतं बिचारीनं. मी म्हटलं, गाय आहे. तेव्हा तुम्ही तोंड उघडलं असतंत, तर मी गाय म्हटलं नसतं. मी काहीतरी म्हटलं असतं, आणि ती पोरगी... आता काय. आता नुसतं असतं आणि नसतं."

दातवाल्यांना शिव्या चालल्या असत्या. ती रडली असती तरी त्यांनी पाणी आणून दिलं असतं, काहीतरी करता आलं असतं. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनाशी तास मोजले. तिकडे सकाळ झाली असेल, ती म्हणाली. तो आठाला निघतो. पोरीला शाळेत सोडून सून नवाला परत येते. मग विचारा तिला. दातवाले म्हणाले, काय विचारू? मारतो का, असं विचारलं तर ती नाही म्हणेल. मीही नाहीच म्हटलं असतं. बायको म्हणाली, मग विचारू नका. तुमचं सांगा.

वेळ होती, म्हणून ते टेबलाशी बसले आणि त्यांनी वहीत वाक्यं लिहिली. साधी वाक्यं, घडून गेलेल्या गोष्टींची, ज्यांना ओहाला लागत नाही. शब्दकोशात मारणं शोधलं, किल्ली शोधली. घराला दार आहे आणि ते तुमच्यासाठी, तुझ्यासाठी आणि मुलीसाठी, त्याच्याशिवायही उघडं आहे, हे कसं म्हणायचं त्यावर त्यांची दोघांची अर्धा तास झटापट झाली. बायकोला हे वाक्य अगदी बिनचूक हवं होतं. शेवटी तिनंच ते जुळवलं. साडेसात वाजता तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि लावला.

सून एकटीच होती. मागे सिंक, सिंकमध्ये सकाळची भांडी. अवेळी फोन बघून ती घाबरली. कुणाला काही झालं का, हेच आधी विचारलं तिनं. नाही, नाही, बायको म्हणाली, आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. दातवाल्यांनी वही वर धरली. चष्म्याच्या काचेवर वाफ आल्यासारखं झालं होतं, अक्षरं सरकत होती. मि इहो मे पेगो, त्यांनी वाचलं. माझ्या मुलानं मला मारलं. नऊ वर्षांपूर्वी. हा दात खोटा आहे. मी कुणाला सांगितलं नाही. मी चुकलो. पुढचं घराच्या दाराचं वाक्य बायको म्हणणार होती, आणि ते म्हणायला तिनं श्वास घेतला.

पण सुनेच्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. सून त्यांच्याकडे बघत नव्हती. ती डावीकडे कुठंतरी, चौकटीबाहेर, बहुधा दाराकडे बघत होती. मग उठली, तिकडे गेली, कडी लावल्याचा आवाज आला, आणि परत येऊन खुर्चीत बसली. हात तोंडावर नेला नाही तिनं या वेळी. कुणा लहान मुलाला कळावं तसं, एकेक शब्द सुटा करून, तिनं सासऱ्याला विचारलं.

"आ उस्तेद ताम्बिएन?"

तुम्हालासुद्धा?

"सी," दातवाले म्हणाले. हो. बायकोला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.